देवदारी खोक्यातलं पांढरं लाकूड

आज लाकडाविषयी बोलायचं आहे, आणि तेही आपल्या रानात न उगवणाऱ्या एका झाडाच्या लाकडाविषयी. विषय निघाला तुमच्याच फोनमुळे. कारखान्यात मशिनरी उतरवून झाली की पांढऱ्या लाकडाची खोकी आणि पॅलेट भंगारात निघतात. ती स्वस्तात घेऊन मांडण्या, स्टुलं, टेबलं करून विकावीत का, असं दोन गटांनी विचारलं. त्यातल्या एका गटाचा तर कर्जाचा ठराव लिहून तयार आहे. तिसऱ्या गावातल्या ताईंचा प्रश्न साधा होता : हे लाकूड चुलीत घातलं तर चालतं का?

दोन्ही प्रश्नांना हो-नाही असं एका शब्दात उत्तर नाही. म्हणून आधी लाकडाची ओळख करून घेऊ, मग पैशाचं बोलू.

आपल्याकडे या लाकडाला सरसकट 'देवदारी' म्हणायची सवय आहे. देवदारी खोकं हा शब्द आपल्या आजीच्याही तोंडी होता. पण खरा देवदार हिमालयातला, सुगंधी आणि टिकाऊ. खोक्यातलं लाकूड बहुतेक वेळा देवदार नसतंच. ते पाईन असतं, फर असतं, नाहीतर स्प्रूस असतं. सुतार तिन्हींना 'पाईन' म्हणून मोकळा होतो. बाहेरच्या थंड देशांतून, म्हणजे जर्मनी, फिनलंड, स्वीडन, कॅनडा इकडून जो माल येतो, त्याच्या खोक्यांत स्प्रूस पुष्कळ असतं.

स्प्रूस हे सूचीपर्णी झाड. पानं सुईसारखी, बारा महिने हिरवी. आकार देवळाच्या शिखरासारखा निमुळता, फांद्या खाली कललेल्या, त्यामुळे बर्फ साठून राहत नाही, घसरून पडतं. शंकूसारखी फळं फांदीला खाली लोंबतात. फर नावाचं याचंच भावकीतलं झाड आहे, त्याची फळं फांदीवर उभी असतात. झाड ओळखायची ही सोपी खूण. जिथे वर्षातले कित्येक महिने बर्फ असतं तिथे या झाडाची जंगलंच्या जंगलं आहेत. स्वीडनमधल्या एका डोंगरावर असं एक स्प्रूस आहे की त्याचं वर दिसणारं खोड तसं तरुण आहे, पण खालचं मूळ सुमारे साडेनऊ हजार वर्षांचं निघालं. खोड मरतं, त्याच मुळातून पुन्हा नवं फुटतं.

आपल्या देशातही स्प्रूस आहे. हिमाचल, उत्तराखंड, काश्मीरमध्ये साधारण दोन हजार मीटरच्या वर ते वाढतं. हिमाचलात त्याला 'राई' म्हणतात. मोहरीतली राई नव्हे! या राईची आणि तिथल्या फरची लाकडं एके काळी सफरचंदाच्या पेट्यांसाठी लाखोंनी कापली जात. ज्यांचं वय साठीच्या पुढे आहे त्यांना सफरचंदाची लाकडी पेटी आठवत असेल. सफरचंदं संपली की पेटीच्या फळ्यांचं देवघर व्हायचं, कोंबड्यांचं खुराडं व्हायचं, नाहीतर माळ्यावर बी-बियाणं ठेवायला पेटी तशीच जायची. जंगल संपत चाललं तेव्हा १९८०च्या दशकापासून तिथल्या सरकारने लाकडी पेट्या बंद करून पुठ्ठ्याचे खोके आणले. आज सफरचंद पुठ्ठ्यात येतं त्यामागे ही गोष्ट आहे.

आता लाकूड हातात घेऊन बघू. रंग पांढरट, किंचित पिवळसर. सागाचा किंवा बाभळीचा गाभा गडद असतो आणि कडेचं लाकूड फिकट. स्प्रूसमध्ये गाभा आणि कड एकाच रंगाची दिसते. पाईनचा गाभा बहुधा लालसर तपकिरी असतो आणि त्याला राळेचा वास जास्त, एवढ्यावरून दोघांत फरक करता येतो. फळीच्या टोकाकडे पाहा. बारीक रेषा एकाआड एक दिसतील, एक फिकी रुंद, एक गडद बारीक. फिकी रेषा म्हणजे वसंत आणि उन्हाळ्याच्या सुरुवातीची भराभर झालेली वाढ. गडद रेषा म्हणजे थंडी पडायच्या आधीची सावकाश, घट्ट वाढ. दोन्ही मिळून झाडाचं एक वर्ष. थंडी जितकी कडक तितक्या रेषा जवळजवळ. एक इंचात किती रेषा बसल्या ते मोजलंत तर झाड किती हळू वाढलं ते घरबसल्या कळतं. लेकरांना मोजायला लावा, त्यांना मजा येते.

वजन हा या लाकडाचा मोठा गुण. सहा फूट लांब, सहा इंच रुंद आणि एक इंच जाड अशी वाळलेली फळी घेतली, तर स्प्रूसची साधारण तीन किलो भरेल, सागाची साडेचार किलोच्या आसपास, बाभळीची साडेपाच किलोच्या वर. आणि वजनाच्या मानाने याची ताकद भरपूर. म्हणून १९०३ साली राईट बंधूंनी पहिलं विमान उडवलं त्याचा सांगाडा मुख्यतः स्प्रूसचा होता, वर कापड ताणलेलं. पहिल्या महायुद्धात विमानांसाठी अमेरिकेच्या पश्चिम किनाऱ्यावरचं सिटका स्प्रूस तोडायला लष्कराने माणसांची वेगळी तुकडीच उभी केली होती. आजही नॉर्वेत १८ मजल्यांची, ८५ मीटरहून उंच इमारत लाकडाच्या जोडखांबांवर उभी आहे, २०१९ साली ती पुरी झाली. पातळ फळ्या एकावर एक चिकटवून ते जाडजूड खांब केले आहेत, आणि लाकूड मुख्यतः स्प्रूसचंच.

दुसरा गुण आवाजाचा. हवेत आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. चांगल्या स्प्रूसच्या फळीत, रेषांच्या दिशेने, पाच हजार मीटरच्या वर. म्हणून व्हायोलिन, गिटार, पियानो यांची वरची पातळ फळी स्प्रूसची करतात. इटलीतल्या क्रेमोना गावचा स्त्रादिवारी, ज्याची तीनशे वर्षांपूर्वीची व्हायोलिनं आज कोट्यवधींना जातात, तोही आल्प्स डोंगरातलं स्प्रूस वापरत असे. आपल्या मिरजेचे कारागीर सतारीला तून वापरतात, कारण त्यांना हाताशी ते मिळालं आणि त्याचा नाद त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या ओळखून घेतला. प्रत्येक मुलखाने आपल्या झाडातून आपला सूर काढला, असंच म्हणायचं.

तिसरा गुण धाग्यांचा. स्प्रूसच्या लाकडातले बारीक धागे तीन मिलिमीटर किंवा त्याहून लांब असतात. आपल्याकडच्या रुंद पानांच्या झाडांचे धागे बहुधा एक मिलिमीटरच्या आसपास. लांब धागे एकमेकांत चांगले गुंततात, म्हणून कागद मजबूत होतो. पूर्वी कागद चिंध्यांपासून करत. १८४४ साली जर्मनीत केलर आणि कॅनडात फेनर्टी या दोघांनी, एकमेकांची गाठभेट नसताना, लाकूड घासून त्याच्या लगद्याचा कागद करून दाखवला. फेनर्टीने वापरलं ते स्प्रूसच. पुढे वर्तमानपत्रं स्वस्त झाली त्यात या शोधाचा वाटा मोठा. घासलेल्या लाकडाचा कागद उन्हात पिवळा पडतो हे तुम्ही पाहिलंच आहे. लाकडातला जो चिकट भाग धाग्यांना धरून ठेवतो तो त्यात शिल्लक राहतो आणि उजेडाने त्याचा रंग पालटतो. पांढऱ्या वहीच्या कागदातून तो रसायनाने काढून टाकलेला असतो.

पण मला स्वतःला या झाडाची सगळ्यांत आवडती गोष्ट मुळांची आहे. अमेरिकेच्या वायव्येला अलास्काच्या किनाऱ्यावर ट्लिंगिट आणि हायडा नावाच्या जमाती राहतात. तिथल्या बायका सिटका स्प्रूसच्या मुळांच्या टोपल्या आणि टोप्या विणतात. वसंत आला की लांब, सरळ मुळं उकरायची. एका झाडाची थोडीच घ्यायची, म्हणजे झाड जगतं. मुळं विस्तवावर जराशी भाजायची की साल सुटते. मग मध्ये चीर दिलेल्या काठीतून मूळ ओढायचं, साल मागे राहते. मग ते उभं चिरायचं, पुन्हा चिरायचं, बारीक पट्ट्या करायच्या. विणताना सारखं पाण्यात भिजवत राहायचं. आपल्या बुरूडवाड्यातली बाई बांबूची बेळं काढताना पाहिली असेल, तिला हे काम क्षणात कळेल.

या टोपल्यांची वीण इतकी घट्ट की त्यात पाणी राहतं. पूर्वी धातूची भांडी नव्हती तेव्हा टोपलीत पाणी आणि मासे घालायचे, चुलीत दगड लाल करायचे आणि ते चिमट्याने टोपलीत सोडायचे. पाण्याला उकळी फुटायची. रंगीत गवताच्या काड्यांनी वर नक्षी काढायच्या. एकोणिसाव्या शतकाच्या शेवटी आगबोटीतून गोरे प्रवासी हिंडायला येऊ लागले, तशा या बायका बंदरावर टोपल्या मांडून बसू लागल्या. घरात रोकड येऊ लागली ती त्यांच्या हातातून. जुन्या टोपल्या आज मोठमोठ्या संग्रहालयांत काचेआड आहेत, आणि ती वीण आजही आई-आजीकडून मुली शिकतात.

फ्रान्समध्ये आणखी एक उपयोग आहे, स्वयंपाकघरातला. मों दोर नावाचं मऊ चीज असतं, पिकलं की पसरतं. त्याला स्प्रूसच्या सालीच्या आतल्या पट्टीने कमरपट्टा बांधतात आणि स्प्रूसच्याच गोल डबीत ठेवतात. पट्टीचा हलका वास चीजला लागतो, लोकांना तोच हवा असतो. वाळलेल्या लाकडाला मात्र फारसा वास नसतो, आणि खाण्याच्या वस्तूंच्या खोक्यांना ते चालतं त्याचं हेही एक कारण.

एवढं कौतुक झालं. आता दोष ऐका, कारण तुमचे पैसे अडकणार ते इथे.

स्प्रूस ओलाव्यात टिकत नाही. सागात नैसर्गिक तेल असतं, त्यामुळे किडीला आणि बुरशीला तो सहज सापडत नाही. स्प्रूसमध्ये तसं राखण करणारं काही नाही. युरोपात लाकडाच्या टिकाऊपणाचे पाच वर्ग केले आहेत, त्यात हे चौथ्या वर्गात बसतं, म्हणजे शेवटून दुसऱ्या. तेही थंड हवेत. आपल्या पावसाळ्यात, मातीला लागून ठेवलं तर ते लवकर कुजणार आणि वाळवीला तर मेजवानीच. औषध मारून टिकवावं म्हटलं तर तेही नीट आत जात नाही. झाड जिवंत असताना ज्या बारीक छिद्रांतून पाणी एका नळीतून दुसरीत जायचं, ती छिद्रं लाकूड वाळताना झाकणासारखी बंद होतात. म्हणून वरून ब्रशने मारलेलं औषध वरच्यावर राहतं.

तेव्हा गोठ्याचा खांब, कुंपणाचा डांब, न्हाणीघराचा दरवाजा, पाण्याच्या माठाखालची तिवई या कामांना स्प्रूस घेऊ नका आणि कुणाला करूनही देऊ नका. आपल्या जुन्या लोकांनी औताला बाभूळ, दाराला साग, विहिरीच्या तळाला उंबर असं ज्याचं त्याला वाटून दिलं होतं, ते विचार करूनच. स्प्रूस आहे घराच्या आतल्या, कोरड्या कामासाठी : भिंतीवरची मांडणी, पुस्तकांचा कप्पा, अंगणवाडीची छोटी स्टुलं, दुकानाचे खण. जमिनीवर ठेवायची वस्तू असेल तर पायांना खाली रबर किंवा प्लास्टिकची टोपी बसवा. फळीचं कापलेलं टोक सगळ्यांत जास्त पाणी पितं, तिथे रंगाचा किंवा व्हार्निशचा जादा हात द्या. लाकूड मऊ आहे, नखाने दाबलं तरी वळ उठतो. म्हणून पोळपाट, पाटा ठेवायची घडवंची, कपडे आपटायचं बाक, यांच्या नादी लागू नका.

आता पॅलेटवरचा शिक्का. ही गोष्ट नीट ऐका, कारण यावर तब्येतीचा प्रश्न आहे. लाकडी खोक्यांतून एका देशातले किडे दुसऱ्या देशात जातात. १९९६ साली न्यूयॉर्कमध्ये चीनकडचा लांब मिशांचा भुंगेरा सापडला, तो खोक्यांच्या लाकडातून आलेला, आणि त्यापायी तिथली हजारो झाडं तोडावी लागली. म्हणून २००२ साली जगभरासाठी नियम झाला की परदेशी जाणाऱ्या खोक्याचं लाकूड आधी किडेमुक्त करायचं आणि त्यावर शिक्का मारायचा. शिक्क्यात एका बाजूला गव्हाच्या ओंबीसारखं चित्र असतं. शेजारी देशाची दोन इंग्रजी अक्षरं आणि कारखान्याचा नंबर. त्यानंतर आणखी दोन अक्षरं, आणि आपल्याला पाहायची आहेत ती हीच.

एच-टी असेल तर लाकूड नुसतं तापवलेलं आहे. गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियस, सलग ३० मिनिटं. त्यात रसायन नाही. एम-बी असेल तर मिथाइल ब्रोमाइड नावाचा विषारी वायू देऊन किडे मारलेले आहेत. हा वायू माणसालाही घातक आणि वातावरणातल्या ओझोनच्या थरालाही. युरोपात २०१० पासून त्याचा वापर बंद आहे. ज्यांना इंग्रजी वाचता येत नाही त्यांच्यासाठी सांगते : एच म्हणजे एकाच पायरीची शिडी. टी म्हणजे उभा खांब आणि त्यावर आडवं तुळवट. एम म्हणजे शेजारी शेजारी दोन डोंगर. बी म्हणजे उभ्या काठीला उजवीकडे दोन फुगे. शिडी आणि खांब दिसला तर घ्यायला हरकत नाही. दोन डोंगर दिसले तर सोडून द्या, फुकट दिलं तरी. शिक्काच नसेल तर ते देशातल्या देशात फिरलेलं असू शकतं, पण मग त्याचा इतिहास कुणालाच माहीत नाही, म्हणून घरातल्या वस्तूला ते नको.

एच-टी असलं तरी आणखी दोन गोष्टी बघा. तेलाचे किंवा रंगाचे डाग, उग्र वास. पॅलेटवर औषधांचे, कीटकनाशकांचे पिंपही येतात आणि सांडतात. मऊ लाकूड ते पिऊन घेतं. असं पॅलेट कितीही भक्कम दिसलं तरी नको. आणि पापड-कुरडया वाळत घालायला, धान्य उघडं ठेवायला भंगारातलं कुठलंच पॅलेट वापरू नका.

चुलीचं आता लगेच कळेल. एम-बी शिक्क्याचं, रंगवलेलं, डागाळलेलं लाकूड चुलीत घालू नका. काही पॅलेटचे ठोकळे भुसा आणि गोंद दाबून केलेले असतात, तेही नकोत. प्लायवूड नको. हिरवट झाक असलेलं औषधी लाकूड तर मुळीच नको, त्यातल्या काहींत आर्सेनिक म्हणजे सोमल असतो, तो राखेत उतरतो, आणि राखेने आपण भांडी घासतो. कोरं एच-टी लाकूड जळायला चालतं, पण ते भसकन पेटतं, ठिणग्या उडवतं आणि निखारा धरत नाही. बंबाखाली, सरपण पेटवायला ठीक. भाकरी भाजायला बाभळीचाच विस्तव हवा.

राहिला कर्जाचा ठराव. युरोपातून येणारं ठरलेल्या मापाचं एक पॅलेट १२० सेंटिमीटर लांब आणि ८० सेंटिमीटर रुंद असतं, वजन २० ते २५ किलो. त्यात ११ फळ्या, ९ ठोकळे आणि ७८ खिळे असतात. त्या ११ पैकी आठ फळ्या जेमतेम चार फुटांच्या, तीन अडीच फुटांहून थोड्या जास्त. रुंदी चार ते पावणेसहा इंच, जाडी एक इंचाला थोडी कमी. हे माप आधी कागदावर मांडा आणि त्यातून मांडणी किती बसते ते बघा. मोठं कपाट यातून होत नाही, लांब फळीच नाही.

आणि खिळे! ते साधे नसतात, पिळाचे असतात, ओढले की फळी टोकाला फाटते. पहारीने उचकटण्यापेक्षा फळी आणि ठोकळा यांच्या मधल्या फटीत लोखंड कापायचं पातं घालून खिळाच कापलेला बरा. यात वेळ जातो. तो वेळ गटातल्या बाईचा आहे आणि त्याची मजुरी धरायला हवी, पण हिशेबात बहुतेक वेळा तीच विसरली जाते. माझं मत विचाराल तर कर्जाच्या आधी दोनच पॅलेट रोखीने आणा. दोघी-तिघींनी ती सोडवा, किती तास लागले ते वहीत लिहा, किती फळ्या फाटल्या ते लिहा. पुन्हा जोडताना टोकाजवळ आधी बारीक ड्रिलने भोक पाडा, मग स्क्रू मारा. एक मांडणी करून कुणाच्या तरी घरात पूर्ण पावसाळा राहू द्या. फुगली का, वाकली का, पीठ पडायला लागलं का ते बघा. पीठ पडलं म्हणजे आत भुंगा आहे.

विकताना 'सागवानी', 'देवदार' असं नाव लावू नका. 'पॅलेटचं लाकूड, घरातल्या कोरड्या जागेसाठी' असं लिहून द्या. शहरात अशा पांढऱ्या लाकडाच्या वस्तू मुद्दाम मागणारी गिऱ्हाइकं आहेत, त्यांना गाठी आणि रेषा दिसलेल्या आवडतात. गावातलं गिऱ्हाईक मात्र वजन उचलून बघणार आणि हलकं लागलं की भाव पाडणार, हेही धरून चाला.

पुरवठ्याचं एक सांगायचं राहिलं. २०१८ नंतरच्या दोन-तीन कोरड्या उन्हाळ्यांत जर्मनीतली स्प्रूसची जंगलं वाळली, सालीखालचा बारीक भुंगेरा वाढला आणि हार्झ नावाच्या डोंगरात मैलोन्‌मैल झाडं उभ्याउभ्या करडी पडली. थंडीचं झाड, त्याला ऊन सोसवेना. तिथले वनाधिकारी आता मिश्र झाडं लावत आहेत. म्हणजे आज जे पांढरं लाकूड सहज भंगारात दिसतं ते पुढेही असंच, याच भावाने येत राहील असं धरून पाच वर्षांचा हप्ता बांधू नका.

ज्या गटांनी फोन केला होता त्यांना एकच विनंती, पॅलेटवरच्या शिक्क्याचा फोटो काढून केंद्रावर पाठवा. अक्षरं लागत नसतील तर आम्ही वाचून सांगू.